आधी आलेल्यांची कब्रस्ताने



स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा निरोप मिळाला तेव्हा प्रथम मनात आले की एखाद्या लढाईवर किंवा एखाद्या बादशहावर लिहावे. तसे लेख पुष्कळ झाले आहेत आणि परीक्षेतही बहुधा तेच विचारतात. परंतु शाळेच्या सहलीत एका मुलाने मला जो प्रश्न विचारला तो अजून मनातून जात नाही. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न मी येथे करणार आहे.

आम्ही मुलांना वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला दाखवण्यासाठी नेले होते. या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या रस्त्यावरच खुलताबाद लागते. जुना तट, जुने दरवाजे आणि आत लहानसे गाव. आलमगीर औरंगजेबाची उघडी, मातीची कबर पाहून मुले परत फिरली. बसकडे येताना जिकडे पाहावे तिकडे कबरीच कबरी होत्या. काही घुमटाखालच्या, काही चौथऱ्यावरच्या, काहींना नुसता उशाशी दगड, तर काही गवतात पार बुडून गेलेल्या. बावधनमध्ये आमच्याच गल्लीत राहणारा सातवीतला एक मुलगा थांबला आणि म्हणाला, “सर, एवढी माणसे इथे येऊन का मेली?”

बाकीची मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न चुकीच्या शब्दांत असला तरी बरोबर होता. ही माणसे मरायला आली नव्हती, राहायला आली होती. पण ती येथे राहिली याचा सर्वांत पक्का पुरावा म्हणजे ती येथेच पुरली गेली हा होय. परक्या मुलुखात माणूस घर बांधतो तेव्हा तो पाहुणाच असतो. आपल्या माणसाला तेथील मातीत ठेवतो, तेव्हा तो मुलूख त्याचा होतो. म्हणून कोणत्याही समाजाच्या इतिहासाचे पहिले पान त्याच्या आधी आलेल्या पिढीच्या कब्रस्तानात असते.

दिल्लीहून आलेला काफिला

इसवी सन १३२७ च्या सुमारास सुलतान मुहंमद बिन तुघलकाने यादवांच्या देवगिरीला आपल्या राज्याची दुसरी राजधानी केले आणि तिला दौलताबाद हे नाव दिले. राज्य दक्षिणेत फार दूरवर पसरले होते. दिल्लीत बसून त्याचा कारभार होईना, हे त्यामागचे मुख्य कारण. त्याने अमीर-उमराव, सैनिक, कारकून, विद्वान आणि सूफी मंडळी यांना कुटुंबांसह दक्षिणेकडे पाठवले. इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने दिल्ली ते दौलताबाद हे अंतर चाळीस दिवसांच्या वाटचालीचे सांगितले आहे.

या घटनेविषयी शाळेत आपण एक कथा ऐकतो की साऱ्या दिल्लीला हाकलून लावले आणि मागे चिटपाखरूही राहिले नाही. ही कथा जशीच्या तशी खरी मानण्याचे कारण नाही. १३२७ आणि १३२८ या सालांतील दिल्ली परिसरातले संस्कृत शिलालेख उपलब्ध आहेत, आणि त्यांतून ते शहर नांदते असल्याचे दिसते. सक्ती झाली ती मुख्यतः दरबाराशी आणि धर्मविद्येशी संबंधित वरच्या थरातील लोकांवर. परंतु ज्यांच्यावर झाली त्यांचे हाल खोटे नव्हते. उन्हात, लहान मुलांसह, घर आणि वाडवडिलांच्या कबरी मागे टाकून ती माणसे निघाली होती.

त्या काळचा इतिहासकार जियाउद्दीन बर्नी याने एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे, ती विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. तो सांगतो की देवगिरीच्या चोहोबाजूंनी मुसलमानांची कब्रस्ताने उभी राहिली. बर्नीला यातून सुलतानाच्या निर्णयाची चूक दाखवायची होती. आज आपण तीच नोंद वेगळ्या रीतीने वाचू शकतो. ती दक्षिणेतील एका नव्या वस्तीच्या जन्माची नोंद आहे.

पुढे काही वर्षांनी सुलतानाने लोकांना परत जाण्याची मुभा दिली. पुष्कळ लोक गेले. पुष्कळ राहिलेही. जे राहिले त्यांच्या आणि स्थानिकांच्या मिसळण्यातून दख्खनची भाषा, दख्खनचे खाणेपिणे आणि दख्खनचे राज्य तयार झाले. १३४७ साली दौलताबादेतच बहमनी राज्याची स्थापना झाली. दखनी बोली या नव्या वस्तीच्या घराघरांत आणि बाजारांत वाढली.

कबरीत कोण आहे?

दौलताबादजवळच्या डोंगरावर या लोकांनी आपल्या बुजुर्गांना पुरले. त्या जागेला ‘रौजा’ म्हणत. खुलताबाद हे नाव नंतरचे असून मृत्यूनंतर औरंगजेबाला मिळालेल्या ‘खुल्द-मकान’ या उपाधीशी त्याचा संबंध आहे. तेथे चौदाशे औलिया पालख्यांतून आले अशी आख्यायिका भाविक सांगतात. आख्यायिकेला आख्यायिका म्हणून मान द्यावा. इतिहासाला मात्र ठाऊक असलेली नावेही कमी नाहीत.

हजरत मुंतजबुद्दीन जरजरी जरबक्ष हे या मोठ्या स्थलांतराच्याही आधीचे. त्यांचा उरूस आजही मोठा भरतो. त्यांचे बंधू हजरत बुरहानुद्दीन गरीब हे दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य. ते दौलताबादेस आले आणि १३३७ साली येथेच निवर्तले. खानदेशच्या फारूकी राजांनी तापीकाठी वसवलेल्या बुऱ्हाणपूर शहराला त्यांचेच नाव दिले. त्यांच्यानंतर हजरत जैनुद्दीन शिराझी झाले, त्यांचा मृत्यू १३६९ चा. औरंगजेबाची कबर त्यांच्याच दर्ग्याच्या आवारात आहे. अमीर हसन सिज्झी हा फारसी कवी, अमीर खुस्रोचा मित्र, हाही येथेच आहे. निजामुद्दीन औलियांच्या बैठकीतील संभाषणे ऐकून ती ‘फवायद-उल-फुआद’ या ग्रंथात लिहून ठेवणारा तो हाच.

पुढच्या शतकांत आणखी परके लोक येथे येऊन दख्खनचे झाले आणि याच मातीत विसावले. मलिक अंबरचे उदाहरण घ्या. आफ्रिकेतील हबश देशात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, आणि अखेर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने खडकी हे शहर वसवले. पुढे त्याचेच औरंगाबाद झाले आणि आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. तेथील नहर-ए-अंबरी ही भूमिगत पाण्याची योजना त्याचीच. १६२६ साली तो वारला. त्याचा मकबरा खुलताबादेत आहे. फारसी आणि अरबीचा पंडित आझाद बिलग्रामी (मृत्यू १७८६) हाही मूळचा उत्तरेकडचा. त्याचीही कबर तेथेच आहे.

२०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादेतील एका कबरीवरून महाराष्ट्रात वादळ उठले आणि नागपुरात दंगल होण्यापर्यंत मजल गेली. त्या राजकारणात मला येथे शिरावयाचे नाही. एवढेच सांगतो की गेली कित्येक वर्षे त्या एका कबरीविषयी जेवढे लिहिले आणि बोलले गेले, त्याच्या शतांशानेही शेजारच्या शेकडो कबरींविषयी बोलले गेले नाही. यात दोष फक्त इतरांचा नाही. आपल्यालाही बादशहाचे नाव पाठ असते, आपल्या पणजोबाचे नसते.

एका कबरीने परत आणलेला माणूस

आता एक गोष्ट सांगतो. ती खरी आहे, आणि पालकांनी मुलांना रात्री सांगावी अशी आहे.

१३२७ च्या त्या स्थलांतरात सय्यद युसूफ अल्-हुसैनी नावाचे एक गृहस्थ आपल्या कुटुंबासह दौलताबादेस आले. बरोबर त्यांचा लहान मुलगा होता. वय जेमतेम सहा-सात वर्षांचे. नव्या मुलुखात येऊन चार वर्षे झाली नाहीत तोच, १३३१ साली, वडील वारले. त्यांना खुलताबादच्या मातीत ठेवण्यात आले. पुढे परतीची मुभा मिळाली तेव्हा आई मुलांना घेऊन दिल्लीस गेली. वडिलांची कबर दक्षिणेत राहिली.

मुलगा दिल्लीत शिकला, हजरत नसीरुद्दीन चिराग-ए-दिल्ली यांचा शिष्य झाला, मोठा विद्वान म्हणून नावारूपाला आला. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. १३९८ साली तैमूरची स्वारी दिल्लीवर आली. तेव्हा हा सत्तरी उलटलेला वृद्ध दिल्ली सोडून निघाला. वाटेत गुजरात लागले. शेवटी तो आला दौलताबादला, वडिलांच्या कबरीपाशी. तेथून बहमनी सुलतान फिरोजशहाच्या राज्यात गुलबर्ग्यास गेला आणि तेथेच १४२२ साली त्याचा अंत झाला. हेच हजरत सय्यद मुहंमद हुसैनी, ज्यांना आपण ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज म्हणतो. गुलबर्ग्याचा दर्गा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. खुलताबादची त्यांच्या वडिलांची कबर किती जणांनी पाहिली आहे?

विचार करा. ती कबर कोणी ओळखीची ठेवली नसती, तिच्यावर दुसरी वस्ती चढली असती, कोणाला जागाच सांगता आली नसती, तर तो वृद्ध कोणत्या दगडापाशी उभा राहिला असता? साठ वर्षे कोणीतरी ती खूण सांभाळली. त्या सांभाळणाऱ्यांची नावे इतिहासात नाहीत. पण काम त्यांनीच केले.

ज्यांची नावे लिहिली गेली नाहीत

खुलताबादची एवढी नावे आपल्याला ठाऊक आहेत, याचे कारण दगड नव्हे. कारण आहे लेखणी. बुरहानुद्दीन गरीब यांच्या शिष्यांत काशानी घराण्यातील तीन भाऊ होते, रुक्नुद्दीन, हम्माद आणि मज्दुद्दीन. त्यांनी आपल्या गुरूच्या बैठकींतील बोलणे वेगवेगळ्या ग्रंथांत लिहून ठेवले. त्या वह्यांमुळे नव्या वस्तीत कोण येत होते, काय विचारत होते, कशाने दुःखी होते, हे आज कळते.

याच्या उलट उदाहरण आपल्या कोकणचे. दिल्लीचा काफिला निघण्याच्या चारशे वर्षे आधी, इसवी सन ९१६ मध्ये, अल्-मसूदी हा अरब प्रवासी चौल बंदरात आला होता. तेव्हा राष्ट्रकूटांचे राज्य होते. चौलमध्ये ओमान, सिराफ, बसरा, बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहिले आहे. दहा हजार माणसे! त्यांतील किती नावे आपण सांगू शकतो? तलवारीच्या जोरावर नव्हे, तर व्यापारासाठी शांतपणे आलेल्या या पहिल्या लोकांची एखादी यादी कोणी केली असती, तर आपल्या पाठ्यपुस्तकांचा पहिला धडाच बदलला असता.

त्याच काळातील एक नाव मात्र वाचले आहे. डहाणूजवळ चिंचणी येथे सापडलेल्या इसवी सन ९२६ च्या ताम्रपटात मधुमती, म्हणजे मुहंमद, नावाच्या ताजिक अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. राष्ट्रकूट राजाने त्याला संजानचा कारभार दिला होता. त्याने नदी ओलांडण्यासाठी मोफत होडी आणि वाटसरूंसाठी अन्नछत्र सुरू केले, आणि तेथील देवीच्या मठिकेला दान देण्यास मान्यता दिली. तांब्यावर कोरले म्हणून हे अकराशे वर्षे टिकले. कोरले नसते तर हा सज्जन माणूसही चौलच्या दहा हजारांत विरून गेला असता.

आपले शेजारी काय करतात तेही पाहावे. अलिबागजवळ नवगाव येथे बेने इस्राएल समाजाचे जुने दफनस्थान आहे. त्यांची परंपरा अशी की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज त्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि लाटांनी आणलेली प्रेते तेथेच पुरली गेली. कबरींवर नावे नाहीत. हा समाज तेलाच्या घाण्यांवर कष्ट करून जगला, ‘शनवार तेली’ म्हणवला, मराठी बोलला. इस्राएलच्या स्थापनेनंतर त्यांतील बहुसंख्य लोक तिकडे गेले. तरीही ती जागा त्यांनी विसरली नाही. तेथे स्मारक आहे, आणि परदेशातून येणारी नातवंडे तेथे जाऊन उभी राहतात. मूठभर समाजाला हे जमते, तर आपल्याला का जमू नये?

शरीयत काय सांगते?

येथे काही पालक म्हणतील, “गुरुजी, कबरी पक्क्या करणे, त्यांच्यावर इमारती उभारणे आपल्या धर्माला मान्य नाही. मग हे जतन कसले?” ही शंका योग्य आहे आणि तिला टाळता कामा नये. कबरी चुन्याने गिलावा करून पक्क्या करू नयेत, त्यांच्यावर बांधकाम करू नये, असे हदीसमध्ये आले आहे. कबरींना भेट देण्याची परवानगी मात्र आहे, कारण त्यामुळे आखिरतची आठवण होते.

परंतु आणखी एक हदीस आहे आणि ती आजच्या विषयासाठी फार मोलाची आहे. मक्केहून मदिनेस हिजरत करून आलेल्यांपैकी हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) हे वारले. बकीच्या कब्रस्तानात पुरले गेलेले ते पहिले मुहाजिर होत. त्यांच्या दफनानंतर प्रेषितांनी (स.) स्वतः एक जड दगड उचलून आणला आणि उशाशी ठेवला. हेतू असा की आपल्या या भावाची कबर ओळखता यावी, आणि आपल्या घरातील जो कोणी मरण पावेल त्याला शेजारी ठेवता यावे.

वाचकहो, हे नीट पाहा. घर सोडून आलेल्या माणसांच्या नव्या गावातील ती एक सुरुवातीची कबर. तेथे घुमट नाही, संगमरवर नाही. फक्त एक दगड, ओळख पटण्यापुरता. जतन म्हणजे एवढेच. ओळख राहिली पाहिजे. संगमरवराच्या फरश्यांवर खर्च करणे हे जतन नव्हे. उलट नव्या फरशीखाली जुना लेख गाडला गेला तर ती नासधूसच होय.

माझी चूक

हे सर्व मी दुसऱ्यांना शिकवावे असा माझा अधिकार आहे काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. अब्बा जिवंत होते तोवर दर वर्षी शबेबरातीला आम्ही गावी जात असू. ते सरळ चालत जाऊन एका निंबाखाली उभे राहत आणि फातेहा पढत. मी मागे उभा राहून घरी जाण्याची वाट पाहत असे. अब्बा गेले. पुढे नोकरीमुळे चार-पाच वर्षे गावी जाणे झाले नाही. गेलो तेव्हा निंब नव्हता. सफाईत तो काढला गेला होता आणि जमीन सारखी केली होती. आजोबांची कबर कोणती, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. ज्यांनी सफाई केली त्यांनी चांगल्या हेतूनेच केली. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो, मुलांना अकबराच्या आजोबांचे नाव विचारतो, आणि माझ्या आजोबांची जागा मला दाखवता येत नाही. मी तेथे उभा राहून सगळ्यांसाठी मिळून एकच फातेहा पढलो आणि परत आलो. अल्लाह स्वीकारणारा आहे. परंतु माझ्या मुलाला मी काय दाखवू?

आपण काय करावे?

निराश होऊन चालणार नाही. काम अवघड नाही आणि पैशाचेही फारसे नाही. आपल्या विद्यार्थ्यांना सुट्टीत करता येईल असे आहे.

पहिले काम नोंदवहीचे. कब्रस्तानाचा साधा नकाशा काढावा, ओळींना क्रमांक द्यावेत, आणि प्रत्येक कबरीपुढे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव, व्यवसाय, मृत्यूचा दिवस लिहावा. स्त्रियांची नावे विशेष आग्रहाने विचारावीत. पुष्कळ ठिकाणी त्या फक्त कोणाची तरी बीवी किंवा आई म्हणून उरतात. जागेच्या टंचाईमुळे शहरांत जुन्या कबरीच्या जागी पुन्हा दफन करावे लागते आणि त्याला धर्माचीही हरकत नाही. परंतु जागा पुन्हा वापरण्यापूर्वी नाव वहीत उतरवून घ्यायला कोण अडवतो?

दुसरे, वयोवृद्धांना आजच विचारावे. दगड पन्नास वर्षांनीही वाचता येईल. गावातील ऐंशी वर्षांच्या नानी पुढच्या रमजानपर्यंत असतील की नाही, हे कोणी सांगावे?

तिसरे, दगड वाचावयास शिकावे. जुन्या शिळांवर हिजरी साल असते. ते इसवी सनात आणण्याची सोपी रीत अशी : हिजरी सालातून त्याचे तीन टक्के वजा करावेत आणि ६२२ मिळवावेत. बुरहानुद्दीन गरीब यांचे साल ७३८ हिजरी. त्याचे तीन टक्के सुमारे २२. उरले ७१६. त्यात ६२२ मिळवले की १३३८ येतात. एखाद्या वर्षाचा फरक राहतो, तो मान्य. काही शिळांवर साल आकड्यात नसून शब्दांत दडलेले असते. ‘अब्जद’ पद्धतीत प्रत्येक अक्षराला किंमत असते. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज ७८६ होते, हे आपण सर्व जाणतोच. त्याच रीतीने मृत्यूचे साल एखाद्या वाक्यात गुंफले जाई. उर्दू आणि गणित या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून हा पाठ घेतला तर मुलांना किती गंमत वाटेल!

चौथे, जुन्या शिळेला इजा करू नये. तिच्यावर तैलरंग फासू नये, तारेच्या ब्रशाने किंवा ॲसिडने घासू नये. पडलेली शिळा सिमेंटमध्ये बसवू नये, कारण जुन्या चुन्याच्या कामाला सिमेंटचा कडकपणा मानवत नाही, ओल आत अडकते आणि दगड फुटतो. सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात छायाचित्र घेतले तर पुसट अक्षरेही उठून दिसतात. तेवढे पुरे.

पाचवे काम कागदाचे आणि ते पालकांचे. कब्रस्तानाचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून पाहावे, मोजणी करून हद्द कायम करावी, वक्फ म्हणून नोंद आहे की नाही याची खात्री करावी. महाराष्ट्र वक्फ मंडळाचे कार्यालय छत्रपती संभाजीनगर येथे पाणचक्कीत आहे. वक्फ कायदा १९९५ चा. २०२५ च्या दुरुस्तीने केवळ पूर्वापार वापरावरून जमीन वक्फ मानण्याची तरतूद पुढील काळासाठी काढून टाकली. जुनी कब्रस्ताने बहुधा वापरावरच उभी आहेत. बादशहाच्या सनदा त्यांच्यापाशी नाहीत. म्हणून ज्यांच्याजवळ जी जुनी पावती, उतारा, ठराव असेल त्याने तो ट्रंकेतून बाहेर काढावा आणि त्याच्या प्रती कराव्यात.

बावधनचे आपण

शेवटी घराजवळचे. बावधन हे मुळशी तालुक्यातले रामनदीच्या काठचे गाव. आता पुणे शहर येऊन त्याला भिडले आहे. या मुळशीने माती गमावण्याचे दुःख पाहिलेले आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी धरण झाले, गावे बुडाली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची देवळे आणि पूर्वजांच्या जागाही पाण्याखाली गेल्या. आजही त्या खोऱ्यातील म्हातारी माणसे ऐकीव आठवणींवरून पाण्याकडे बोट दाखवतात. ज्यांची बुडाली ते बोट तरी दाखवतात. आपली कोरड्या जमिनीवर असून आपण दाखवू शकत नाही.

आणि आणखी एक गोष्ट. या भागात आपल्यापैकी बरेच जण कोणी मराठवाड्यातून, कोणी सोलापूरकडून, कोणी कोकणातून कामधंद्यासाठी आलेले आहेत. घरात कोणी वारले की पहिला प्रश्न निघतो, गावी न्यायचे की इथेच? पहाटेपर्यंत चर्चा चालते. कोणी ना कोणी शेवटी म्हणतो, “आता मुले इथलीच आहेत. इथेच ठेवू या.” त्या क्षणी ते कुटुंब खऱ्या अर्थाने येथले होते. सातशे वर्षांपूर्वी दौलताबादच्या डोंगरावर असेच कोणी म्हणाले असेल. याचा अर्थ असा की आपण केवळ आधी आलेल्यांचे वारस नाही. पुढे येणाऱ्यांसाठी आधी आलेले आपणच आहोत. आपल्या नातवंडांनी आपल्याला कोठे शोधावे, हे लिहून ठेवण्याचे काम आपलेच आहे.

त्या मुलाला मी बसमध्ये एवढेच उत्तर दिले, “बेटा, ती मरायला नाही आली, राहायला आली होती. म्हणून तू इथे आहेस.” त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, “मग माझ्या आजोबांची कबर कुठे आहे, ते घरी विचारू?”

विचार म्हटले. आपणही आज घरी विचारा. उत्तर मिळाले तर वहीत लिहा. न मिळाले तर दुसऱ्या वृद्धाकडे जा. अल्लाह आपणां सर्वांना आपल्या बुजुर्गांची आठवण सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.